‘चुकून पोटात गेलं’ असं सांगू नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बहिणीने जीव द्यायला सांधेदुखीवर चोळायचं तेल प्यायलं, तीन दिवसांनी दवाखान्यातून घरी आली, कागदावर ‘चुकून सेवन’ लिहिलंय आणि सासरचे म्हणतात, विषय संपला. आमच्या धाकट्या भावाचं असंच झालं होतं, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, पारोळ्याकडचा शेतकरी माणूस. उपचाराचं डॉक्टर सांगतील तेच करा.

१०८ ला फोन करायचा, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, हे आता तुम्हाला माहीतच असेल.

आम्ही काय केलं ते सांगतो. गावात बोभाटा नको म्हणून मायने बाटली उकिरड्यात टाकली. तालुक्याच्या ज्या दवाखान्यात आधी नेलं, तिथे हात न लावताच सांगितलं, "पोलीस केस आहे, आधी ठाण्यात जाऊन या." तिथेच माझी छाती दडपली. धुळ्याच्या वाटेवर पुढच्या दवाखान्यात फोन लावून म्हणालो, "भावाने औषध पिलं." आपल्या कापसाच्या पट्ट्यात याचा अर्थ एकच, फवारणीचं औषध. त्यांनी तशीच तयारी ठेवली. डॉक्टरांनी बाहुल्या पाहिल्या, तोंडाचा वास घेतला आणि म्हणाले, "हे फवारणीचं नाही. बाटली कुठंय?" तीनदा विचारलं. माझ्याकडे दाखवायला फक्त त्याच्या बाहीवरचा तेलकट हिरवा डाग होता. चोळायची औषधं एकसारखी नसतात. कशाने झटके येतात, कशाने रक्तातलं आम्ल वाढतं, काहींचा परिणाम कित्येक तासांनी दिसतो. पेशंट बोलतोय-चालतोय तरी ठेवून घेतात ते यासाठीच. लेबल हातात असतं तर त्यांना अंदाज बांधत बसावं लागलं नसतं.

पण खरं महागात पडलं ते पुढचं. पोलिसांच्या भीतीने मी केसपेपरवर सांगितलं, "खोकल्याचं समजून चुकून पिला." झालं. सलाईन, रक्ताच्या तपासण्या, सुट्टी. चुकून पिणाऱ्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे कोण पाठवणार? दीड महिन्यात त्याने पुन्हा प्रयत्न केला. वाचला. त्या वेळी मी सगळं खरं सांगितलं, तेव्हा कुठे त्याचा उपचार सुरू झाला.

आणि ज्या भीतीने खोटं बोललो, तिच्यात अर्थच नव्हता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट सरकारने त्याची काळजी घ्यायची. पोलिसांना कळवणं हे दवाखान्याचं काम आहे, आणि आधी उपचार, कागद नंतर, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय. आम्हाला परत पाठवणाऱ्यांना हे माहीत नसेल यावर माझा आजही विश्वास बसत नाही. वकिली सल्ला म्हणून घेऊ नका, पण घाबरूही नका.

तुम्ही आता एवढं करा. तिला एकटीला गाठून सरळ विचारा, "पुन्हा मरावंसं वाटतंय का?" विचारल्याने डोक्यात विचार शिरतो हा गैरसमज आहे. माझा भाऊ तर विचारल्यावर तासभर रडला आणि मग बोलला. कारण एकच नव्हतं, सासरच्यांनाही एकच कारण शोधत बसू देऊ नका. मानसोपचारतज्ज्ञांना खरं सांगा, तपासताना सासरचं कुणी शेजारी नको. तोवर रात्री-अपरात्री १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. विषबाधेची माहिती विचारायला दिल्लीच्या एम्सच्या केंद्राचा १८०० ११६ ११७ हा नंबरही जपून ठेवा.

घरातली तेलं, मलमं, खाजेची औषधं, गोळ्या, सगळं कुलपात. फवारणीचं तर घरात नकोच. किल्ली आमच्याकडे मोठ्या वहिनीच्या कमरेला असते. मायचे गुडघे दुखले की ती लागेल तेवढंच तेल वाटीत काढून देते. सुरुवातीला भावाला राग यायचा. आता तोच संध्याकाळी विचारतो, "वहिनी, कुलूप लावलं का?"

बहिणीची पुढची तारीख कधी आहे ते इथे लिहा. आणि ती बाटली अजून घरात असेल तर आधी लेबलचा फोटो काढा, मग आजच्या आज घराबाहेर काढा.