जुलैत बाळ होणार, घर कोकणात: कापडी नॅपी कोणत्या आणि किती घ्याव्यात?

तुमचा प्रश्न मी असा समजले: घर रत्नागिरीजवळच्या गावात, पहिलं बाळ जुलैच्या सुरुवातीला होणार. कापडी नॅपीच वापरायच्या हे ठरलंय, पण ऑनलाइन बघायला गेलं की पॉकेट, ऑल-इन-वन, प्रीफोल्ड, बांबू, मायक्रोफायबर अशी रांग लागते. सासूबाई म्हणतात, जुन्या धोतरांचे लंगोट शिवू, पैसे कशाला घालवता.

माझं म्हणणं, नॅपी किती शोषते ते बघू नका, किती वेळात वाळते ते बघा. जाहिराती सगळ्या पहिल्या गोष्टीबद्दल बोलतात. पण जे कापड जास्त पाणी धरून ठेवतं ते पाणी सोडतंही उशिरा, आणि जुलैत आपल्याकडे ते सोडायला जागाच नसते. हवाच ओलीचिंब, तर दोरीवरचं पाणी जाणार कुठे?

हे शहाणपण मला पैसे घालवून आलंय. माझं माहेर पुण्याचं, सासर मालवण तालुक्यात, खाडीच्या काठाला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला जूनच्या शेवटच्या आठवड्यात. मी आधीच बारा नॅपी मागवून ठेवल्या होत्या, बांबूच्या, ऑल-इन-वन, म्हणजे बाहेरचं कव्हर आणि आतले थर एकत्रच शिवलेले. अगदी गुबगुबीत. सासूबाईंनी त्यातली एक दोन बोटांत धरून उचलली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि विचारलं, "ह्या सुकतला कधी गो?" मला तेव्हा राग आला होता. पहिली धुतलेली नॅपी तिसऱ्या दिवशीही शिवणीपाशी ओलीच होती, वर कुबट वास. पुढच्या आठवड्यात दोन नॅपींवर काळे ठिपके पडले. चौथ्या दिवसापासून मुलगा सासूबाईंच्या जुन्या सुती पातळाच्या लंगोटात होता आणि मी गप्प होते.

दुसरी चूक वजनाची. बाळ जन्मतं अडीच-तीन किलोचं. 'फ्री साइझ' लिहिलेल्या बहुतेक नॅपींवर बारीक अक्षरात ५ किलोपासून पुढचा आकडा असतो. म्हणजे मांडीपाशी फट राहते आणि सगळं बाहेर येतं. आता हिशोब करा: जुलैच्या सुरुवातीला जन्मलेलं तुमचं बाळ पाच किलोचं होईपर्यंत सप्टेंबर संपत आलेला असेल. नवरात्राच्या आसपास पाऊसही ओसरतो. म्हणजे ज्या महागड्या नॅपींची तुम्ही तुलना करत बसला आहात त्या पावसाळ्यात तुम्हाला लागणारच नाहीत! त्यांची खरेदी सरळ पुढे ढकला. बाळाच्या मांड्या कशा आहेत ते बघून तेव्हा घ्या. एकेक प्रकार एकेकच घ्या, डझनावारी नको.

पहिल्या तीन महिन्यांसाठी सासूबाईंचं ऐका. धोतराचं जुनं कापड पातळ असतं, शेकडो वेळा धुतलेलं, एकेरी थराचं. पिळून पंख्याखाली घातलं तर पावसातही रात्रीतून बऱ्यापैकी वाळतं. एका पानात साधारण डझनभर चौकोन निघतात. विरलेला भाग टाकून द्या, आणि कडा दुमडून शिवा. ही हौस नाही. सुटलेला दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला किंवा नाजूक जागी गुंडाळला जातो, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही.

मात्र ते धोतर कुठल्या ट्रंकेतून निघालंय ते आधी विचारा. आपल्याकडे दमट हवेमुळे ठेवणीतल्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकायची सवय घरोघरी आहे. त्या गोळ्यांमधलं नॅप्थलीन नवजात बाळाला बाधू शकतं. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं, आणि तसं आहे हे वरून दिसत नाही. अशा बाळाच्या अंगाला नॅप्थलीनचा वास बसलेलं कापड लागलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. म्हणून गोळ्यांतलं कापड बाळासाठी नकोच. लंगोट नको, दुपटं नको, बाळंतिणीची गोधडीही नको. "दोनदा धुऊन घेऊ की" असं कुणी म्हटलं तरी नको. रोजच्या वापरातलं धोतर, पातळ, मऊ सुती चादर काढा. आमच्याकडे मामंजींची दोन धोतरं अशीच नाकारली गेली होती, आणि त्यावरून घरात थोडं वाजलंही होतं. वाजू दे.

आता किती? तान्हं बाळ दिवसाला दहा-बारा लंगोट ओले करतं. पावसात एक लंगोट खात्रीने कोरडा व्हायला दोन दिवस धरा, वर एका दिवसाचे हाताशी. म्हणजे ३६. उन्हाळ्यात याच्या अर्ध्यात भागतं. यावर नवजात मापाची तीन-चार कव्हरं घ्या, पीयूएलची. त्या कापडाच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, त्यामुळे ओल बाहेर येत नाही. लंगोट घडी करून आत ठेवायचा. शी लागली नसेल तर कव्हर पुसून, वाळवून पुन्हा चालतं, आणि धुतलं तरी काही तासांत सुकतं. हे रात्रीपुरतं आणि बाहेर जाताना. दिवसा नुसता लंगोट बांधा, म्हणजे ओला झालेला लगेच कळतो. याचा एक फायदा डिस्पोजेबल डायपर वापरणाऱ्यांना सहजी मिळत नाही: पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळाला दूध पुरतंय की नाही हे ओल्या लंगोटांवरून मोजता येतं. चोवीस तासांत सहा किंवा जास्त असतील तर निश्चिंत राहा. नाळ गळून पडेपर्यंत लंगोट बेंबीच्या खाली बांधा.

वाळवण्याचं खरं यंत्र कोणतं म्हणाल तर सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा स्पिनर. पाच मिनिटं फिरवलेला लंगोट आणि हाताने पिळलेला लंगोट यांत अर्ध्या दिवसाचा फरक पडतो. नॅपींवर घालायचे पैसे यावर घाला. पण पावसात वीज जाणार हे धरूनच चालायचं, त्यामुळे न्हाणीतल्या चुलीचा आधार लागतो. अंघोळीचं पाणी तापून झालं की विझत आलेल्या निखाऱ्यांपासून हात-दीड हात लांब दांडीवर लंगोट घालायचे. निखाऱ्यांवर उपडी टोपली ठेवून त्यावर वाळवायची पद्धतही जुन्या लोकांना माहीत आहे. सासूबाई तसं करत, पण समोर बसून, नजर न हलवता. बाळ-बाळंतिणीच्या बंद खोलीत मात्र निखारे नेऊ नका. तो धूर आणि दिसत नाही तो वायू दोन्ही घातक. धुरीबद्दलही माझं हेच मत आहे, वावडिंगाची असली तरी. शेवटचा हात इस्त्रीचा. फक्त सुती लंगोटांना, कव्हरांना नाही, त्यांचा थर वितळतो. वाळलाय का हे हाताला कळत नाही, गालाला लावून बघा. ओल असेल तर गार लागतो.

पाण्याचं सांगायचं तर आमची विहीर मे महिन्यात मचूळ होते. साबणाला फेस येत नाही, उलट साबणाचा पांढरा साका कापडात बसतो. लंगोट कडक होतो, कमी शोषतो आणि बाळाला घासतो. खाडीजवळ राहणाऱ्या कुणालाही हे माहीत असेल. जुलैत मात्र निसर्ग एका हाताने ऊन नेतो तरी दुसऱ्या हाताने पाणी देतो. पागोळ्यांखाली पिंप लावा. पहिल्या काही पावसांचं पाणी सोडून द्या, त्यात कौलांवरची घाण असते. पुढचं पाणी इतकं मऊ की दोन विसळण्यांत साबण निघतो. शी आधी झाडून, मग साध्या पाण्यात, मग साबणात. जंतुनाशकाचे थेंब टाकू नका, ते कापडात राहतं आणि बाळाची त्वचा चरचरते. कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रावणही नको, धाग्यावर थर चढतो आणि लंगोट पाणी शोषायचंच विसरतो. पिवळे डाग राहतील. राहू द्या. दसऱ्यानंतरचं ऊन ते काढतं.

लालसर झालं तर आधी लंगोट काढून मोकळं ठेवा. आमच्याकडे दुपारी तासभर हाच कार्यक्रम असायचा, "पोराक वारो लागांदे जरा." जांघेच्या घडीत लाल चट्टा आणि भोवती सुटे लाल ठिपके दिसले तर ती बहुधा बुरशी असते. मग घरगुती प्रयोग नकोत, डॉक्टरांना दाखवा.

डिस्पोजेबल पाप नाहीत. दवाखान्यातले पहिले दोन-तीन दिवस काळी चिकट शी होते, ती कापडातून निघता निघत नाही. तेव्हा वापरा. डोस द्यायला एसटीने जायचं तेव्हाही वापरा. माझी अडचण त्यांच्या शेवटाची आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेले डायपर गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितलं होतं. पण आमच्या वाडीत घंटागाडी येत नाही, द्यायचे कुणाला? ओले डायपर जळत नाहीत, पुरलेले कुत्री उकरतात, आणि उरलेले व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीत जातात. तरी कापडी म्हणजे आपोआप पर्यावरणाचं भलं, असंही नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली हिशोब मांडला तेव्हा फरक धुण्या-वाळवण्याच्या पद्धतीवर पडतो असंच निघालं. दोरीवर वाळवल्या आणि दुसऱ्या बाळालाही वापरल्या तर कापडी सरस, ड्रायरमध्ये वाळवल्या तर उलट कापडीच मागे पडल्या.

माझी मुलगी जानेवारीत झाली. तेव्हा त्याच बारा गुबगुबीत नॅपींतल्या वाचलेल्या दहा पुन्हा काढल्या. ती पाच किलोची झाली तोवर एप्रिल उजाडला होता, सकाळी घातलेली नॅपी संध्याकाळी खडखडीत. पावसाळ्याआधी मी सहा पॉकेट नॅपी घेतल्या, ज्यांत कव्हरला आतून खिसा असतो आणि त्यातलं पॅड वेगळं काढून वाळवता येतं. मायक्रोफायबरचं, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्याचं पॅड सगळ्यात लवकर वाळतं, पण ते खिशातच हवं, थेट कातडीला लावलं तर त्वचा कोरडी पडते. ते दाबलं गेलं की गळतंही, म्हणून रात्री सुती पॅड. सहा महिन्यांचं मूल तसंही कमी वेळा बदलावं लागतं, त्यामुळे पावसात निभावलं. ऑक्टोबरात एकेक प्रकार घेऊन बघाल, तेव्हा पहिली पसंती यांनाच द्या.

तुम्ही आत्ता, एप्रिलमध्ये विचारताय हे फार बरं झालं. काही लंगोट नवीन कापडाचे शिवणार असाल तर त्यातली खळ जाऊन ते नीट शोषायला लागेपर्यंत पाच-सहा धुणी लागतात, आणि त्या धुण्यांना ऊन आत्ताच आहे. पंधरा दिवसांत अंगणात आंब्याची साठं, आमसुलं आणि फणसपोळीची ताटं पसरतील. मग सासूबाई एक हात दोरीसुद्धा द्यायच्या नाहीत. त्याच्या आत धुऊन घ्या.