दोनच्या आत खाली

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा स्पेनच्या सहलीचा तक्ता मिळाला. सात जण, जुलैचे सोळा दिवस. पाम्प्लोना, ओर्देसाची दरी, मोंते पेर्दिदोचं शिखर, ग्वाराच्या घळी, मग खाली मालागा, कोर्दोबा आणि सेव्हिल. रात्री जेवणं आटोपल्यावर नकाशा पसरून बसले ती दीड वाजेपर्यंत. पंधराव्या वर्षी राजगडाच्या चोरवाटेवर माझा हात घट्ट धरून चढलेली मुलगी आता सहा जणांना पिरेनीजच्या डोंगरांत घेऊन निघाली आहे, याचा मला किती आनंद झाला ते इथे लिहीत बसत नाही. तू जा. जरूर जा. पण या बेतात एक मोठी चूक आहे, आणि तीच मी एकदा करून बसले आहे, म्हणून हे पत्र.

तू प्रत्येक दिवशी रात्रही मागितली आहेस आणि पहाटही. स्पेनच्या उन्हाळ्यात रात्र फार मोहाची असते. साडेनऊपर्यंत उजेड, जेवणं नऊनंतर, गावच्या चौकात बारा वाजताही पोरं खेळत असतात. अशा चौकातून सात तरुण माणसांना दहा वाजता झोपायला पाठवणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. पण डोंगर तिथे पहाटेच सुरू करावा लागतो, आणि त्याचं कारण नीट समजून घे, म्हणजे बाकीच्यांना समजावताना नुसता हुकूम द्यावा लागणार नाही.

1940 पासून स्पेनचं घड्याळ मध्य युरोपच्या वेळेवर आहे. उन्हाळ्यात ते आणखी एक तास पुढे जातं. ओर्देसाच्या बाजूला सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात दोन वाजून गेल्यावर. म्हणजे तिथले सकाळचे अकरा हे आपल्या हिशेबाने नऊच. हवा छान गार असते, आभाळ निळंशार, आणि अकराला चालायला लागलेल्या माणसाला आपण उशीर केलाय असं वाटतच नाही. फसतं ते इथे. आपला वैशाखातला वळीव आठव. सकाळभर कातळ तापतो, दमट हवा वर चढते, दुपारी डोंगरमाथ्यावर ढग फुलतात आणि मग कडाडून कोसळतात. पिरेनीजमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये हे वारंवार घडतं, फक्त तिथे तेव्हा तू एखाद्या गावच्या ओसरीवर नसतेस, दोन हजार मीटरवरच्या उघड्या कड्यावर असतेस.

मी होते. पहिल्या खेपेला आम्ही पाच जण होतो आणि पुढारी मी. तोर्ला गावात आदल्या रात्री एकपर्यंत गप्पा रंगल्या. सकाळी कोणी उठेना, आणि मीही रेटलं नाही, कारण सुट्टीवर आलेल्या मित्रांना दटावणं जिवावर आलं. प्रादेराच्या कुरणातून साडेदहाला निघालो. तिथून ‘सेंदा दे लोस काथादोरेस’, म्हणजे शिकाऱ्यांची वाट, अंगावर येणाऱ्या चढाने जवळपास सहाशे मीटर वर नेते. पुढे ‘फाखा दे पेलाय’ लागते. फाखा म्हणजे कड्याच्या पोटातून गेलेली आडवी वाट. नाणेघाटाच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या कड्याला जसा मधे पदर असतो, तसाच पदर, मैलोन्‌मैल गेलेला. खाली दरी, समोर चुनखडीच्या भिंती, अधूनमधून एखादा सूचिपर्णी वृक्ष. जगात याहून सुंदर आडव्या वाटा फार नसतील. त्या वाटेवर अर्ध्यावर असताना तीन वाजता आभाळ फुटलं.

गारा होत्या, मटाराएवढ्या. वीज समोरच्या भिंतीवर पडली तेव्हा आवाज आणि उजेड यांत अंतर राहिलं नव्हतं. वाटेवर आडोसा असा नाही, आणि एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही एवढं तरी माहीत होतं. काठ्या दूर टाकल्या, एकमेकांपासून लांब, सॅकवर उकिडवे बसलो चाळीस मिनिटं. उठलो तर एका मैत्रिणीचा ओल्या दगडावरून घोटा मुरगळला. तिला आधार देत ‘कोला दे काबायो’ धबधब्यापर्यंत आणि तिथून दरीच्या तळाने परत येईपर्यंत अंधार पडला आणि शेवटची बस निघून गेली होती. उन्हाळ्यात त्या दरीत खाजगी गाड्यांना मज्जाव असतो, तोर्लाहून बसनेच जावं-यावं लागतं. लंगडणाऱ्या माणसाला घेऊन जंगलातून तोर्ला गाठायला आम्हाला चार तास लागले. त्या चार तासांत ती एकदाही मला बोलली नाही. ते मला अजून लागतं.

तेव्हापासूनचा माझा नियम: दोनच्या आत खाली. खाली म्हणजे झाडीत, दरीच्या तळाशी, परतीच्या वाटेवर. तुझ्या गटाला हा नियम पुण्यातच सांग, तिथे पोचल्यावर नको. पहाटेच्या पहिल्या बसने प्रादेरा गाठ, शिकाऱ्यांची वाट सावलीत चढ, एकच्या सुमाराला धबधब्याशी डबे उघड आणि मग सोआसोच्या पायऱ्यापायऱ्यांच्या प्रपातांवरून, बीचच्या रानातून रमतगमत ये. ही फेरी वीसेक किलोमीटरची आहे. उलट्या दिशेने करू नकोस. शिकाऱ्यांच्या वाटेचा उतार शेवटी, थकल्या गुडघ्यांनी उतरणं फार वाईट. आणि आदल्या संध्याकाळी ‘आएमेत’चा, म्हणजे त्यांच्या हवामान खात्याचा इशारा बघ. पिवळा, नारिंगी, लाल असे तीन रंग असतात. नारिंगी असेल तर कड्यावर जायचं नाही, मग भले एक दिवस वाया जावो.

मोंते पेर्दिदो मात्र तू या खेपेला सोड. तुला वाईट वाटेल, तरी सांगते. उंची साधारण 3350 मीटर, म्हणजे हिमालयात जाऊन आलेल्या तुला किरकोळ वाटेल. पण शिखराखालचा ‘एस्कुपिदेरा’ नावाचा उतार जुलैच्या सुरुवातीलाही टणक बर्फाने भरलेला असू शकतो. तिथे पाय घसरला तर माणूस थेट कड्यावरून जातो, आणि आजवर पुष्कळ जण गेले आहेत. तुमच्या सातांपैकी आइस अ‍ॅक्स धरून घसरण थांबवण्याचा सराव किती जणांना आहे? फक्त तुला. मग पुढाऱ्याने काय ठरवायचं ते उघड आहे. त्याऐवजी गोरिथच्या निवाऱ्यात एक रात्र राहा. बावीसशे मीटरवर आहे. संध्याकाळी तिथून डोंगर बघ, पहाटे बघ. जागा मात्र कधीच भरतात, त्यामुळे हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम तेच.

आता ग्वारा. सगळ्या बेतात मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, आणि सर्वांत जास्त काळजीही हिचीच. अल्केथार हे कड्यावर बसलेलं गाव, खाली वेरो नदीने चुनखडी कापून केलेली घळ. तू सांधण दरी उतरली आहेस, म्हणून तुला चटकन अंदाज येईल: तशाच अरुंद भिंती, पण तळाशी हिरवंगार वाहतं पाणी, आणि ठिकठिकाणी त्यातून पोहत पुढे जायचं. सांधणमध्ये आपण पावसाळ्यात का जात नाही, ते तुला शिकवावं लागलं नव्हतं. ग्वारात तेच धोरण दुपारच्या गडगडाटाला लावायचं. पाऊस वर कुठेतरी लांब पडतो, घळीत उभ्या असलेल्याला आभाळाची चिंधी तेवढी दिसते, आणि पाणी येतं ते अचानक. तिथून फार लांब नाही असं बिएस्कास नावाचं गाव आहे. 7 ऑगस्ट 1996 च्या संध्याकाळी एका ओढ्याने तिथली तंबूंची छावणी वाहून नेली. 87 माणसं गेली, त्यांत सुट्टीवर आलेली कुटुंबं होती, लहान मुलं होती. छावणी ओढ्याच्या मुखाशी, त्यानेच आणून टाकलेल्या गाळाच्या पंख्यावर वसवली होती. तंबू लावण्याआधी वरच्या बाजूला काय आहे ते बघायची सवय मी तुला लावली, ती त्या दिवसानंतरची आहे.

घळीत गाइडशिवाय उतरायचं नाही. या कामासाठी स्पेनमध्ये वेगळी सरकारमान्य पात्रता असते. ती विचारून घे, विचारायला लाजू नकोस. पहिल्या दिवशी वेरोसारखी सोपी घळ घ्या. निओप्रीनचा सूट, हेल्मेट मिळतं. चिकटून बसणारे बूट मात्र आपले असावेत. उड्यांच्या बाबतीत एकच सांगते: प्रत्येक उडी ऐच्छिक आहे, हे तू सगळ्यांसमोर, पहिल्या उडीच्या आधी, मोठ्याने बोल. घळीच्या काठावर सहा जण खालून टाळ्या वाजवत असताना सातव्याला ‘मी दोरीने येतो’ म्हणणं फार जड जातं. ते सोपं करणं तुझं काम. सर्वांत आधी तू स्वतः एखादी उडी सोडून दोरीने उतर.

आणि पोहणं. आपल्याकडचे चांगले चांगले ट्रेकर पोहत नाहीत, आणि विचारलं की ‘येतं थोडं’ म्हणतात. तुझ्या तक्त्यात ‘सगळ्यांना पोहता येतं’ असं एका ओळीत लिहिलं आहे. कोणी पाहिलंय? येत्या रविवारी सगळ्यांना तलावावर ने. बूट आणि अंगभर कपडे घालून पन्नास मीटर पोहायला लाव, मग पाच मिनिटं पाण्यात तरंगायला लाव. ज्याला जमणार नाही त्याच्याकडे अजून दीड-दोन महिने आहेत. तेवढ्यात न जमलं तर तो त्या दिवशी अल्केथारच्या खालच्या लाकडी फळ्यांच्या वाटेने नदीकाठी हिंडेल. तीही वाट सुंदर आहे.

पाम्प्लोनाबद्दल माझं मत तुला आवडणार नाही. सान फेर्मिनचा उत्सव 6 ते 14 जुलै, आणि 7 तारखेपासून रोज सकाळी आठला बैलांची धाव. रस्ता साडेआठशे मीटरचा, खेळ दोन-तीन मिनिटांचा. 1910 पासून 16 माणसं त्यात मेली आहेत, जखमी तर दरवर्षी होतात. धावणाऱ्यांतले जाणते लोक तो रस्ता वर्षानुवर्षं ओळखतात; रात्रभर जागून, पिऊन उतरलेला परका पोरगा स्वतः तर पडतोच, वर त्यांच्या पायांत येतो. शिवाय सकाळी धावलेले तेच बैल संध्याकाळी रिंगणात मारले जातात. मला ते बघवत नाही. तुमच्यातल्या कोणाला उत्सव पाहायचाच असेल तर कठड्यामागून पाहा, पण धावायचं नाही, यावर मी अडून बसणार. आणि तो दिवस ओर्देसाच्या आदल्या दिवशी नको. न झोपलेला गट डोंगरात नेऊ नये.

दक्षिण सरळ काढून टाक. कोर्दोबा प्रांतातल्या ला राम्ब्ला गावी 14 ऑगस्ट 2021 ला 47.6 अंश नोंदले गेले, स्पेनचा तो उच्चांक. सेव्हिल, कोर्दोबा मार्चमध्ये बघ, संत्र्याच्या मोहोरात. त्याऐवजी उत्तरेला ‘पिकोस दे युरोपा’ या डोंगररांगेत जा. तिथे हवा ओली, कुरणं हिरवी. पोन्सेबोस ते काईन ही कारेस नदीवरची वाट कड्यात कोरलेली, एका बाजूने बारा किलोमीटर. वीजनिर्मितीच्या कालव्याच्या देखभालीसाठी खोदली होती. दुसऱ्या दिवशी आर्रिओन्दासहून सेया नदीत होड्या वल्हवा. शहरातल्या रात्री सगळ्या शेवटी ठेव, विमानाआधीचे तीन दिवस. तेव्हा खुशाल पहाटेपर्यंत जागा. म्हणजे ‘आज लवकर झोपा’ म्हणताना तुझ्याकडे द्यायला काहीतरी असेल.

खाण्याचं थोडक्यात. तुमच्यातले दोघं शाकाहारी आहेत. ‘सिन कार्ने’ म्हटलं की मांस नाही एवढंच कळतं, मग ताटात ट्यूना येतो किंवा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. ‘खामोन’ म्हणजे डुकराचं मांस नको, ‘पेस्कादो’ म्हणजे मासेही नको, असं वेगवेगळं सांगायचं. अंडं चालत असेल तर बटाट्याचं ‘तोर्तिया’ सगळीकडे मिळतं. निवाऱ्यात आधी कळवून ठेव. पहाटे निघणाऱ्याला गावात काही उघडं मिळत नाही, त्यामुळे पाव, टोमॅटो, फळं आदल्या दिवशीच. घरून चिक्की ने. पेढे आणि खव्याचं काही नेऊ नको, बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला युरोपात बंदी आहे.

व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा विमा लागतो, तो तू काढशीलच. पण त्यात घळी उतरणं आणि डोंगरातून सुटका करणं धरलंय का, ते पॉलिसीच्या बारीक अक्षरांत वाच. बहुतेक साध्या पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. मदतीचा क्रमांक 112, पण खोल दऱ्यांत फोनला रेंज नसते, म्हणून शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात.

सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाचं तुला माहीतच आहे. त्याच्या मागे रोज कोणीतरी ठरलेलं असावं, आणि ते नाव आदल्या रात्री ठरावं. तू स्वतः पुढे राहू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर राहा, तिथून दोन्हीकडचं ऐकू येतं.

सुधारलेला तक्ता पाठव. आणि ओर्देसाच्या दिवशी खाली उतरून रेंजमध्ये आलीस की मला दोन शब्द टाक. तुमच्याकडे दोन वाजतील तेव्हा इथे साडेपाच झालेले असतील. मी चहा टाकून फोनजवळ बसलेली असेन.

तुझी,
ताई