माळ खुंटीला टांगली, आता महालक्ष्म्यांचं काय?

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातून चार पानी पत्र आलंय. थोडं काटून देते.

"काकू, लग्नाला 24 वर्षं झाली. आमच्या घरचे पक्के माळकरी. दरवर्षी पायी शेगाव, गुरुवारी पोथी, गावच्या सप्ताहात पखवाज यांच्याचकडे. तीन वर्षांमागं वावरात विहीर खणली. पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली, यांनी आधी पोथीचं पारायण केलं, मगच कुदळ मारली. पाणी लागलं, पण खारं. मग हळूहळू पोथी सुटली. मागच्या दिवाळीनंतर एक दिवस गळ्यातली माळ काढून खुंटीला टांगली. मी म्हटलं, काहून? तर म्हणे, 'देव नाही. अन् मले आता खोटं वागाचं नाही.' सासूबाई म्हणतात, कोणी करणी केली, जाणत्याकडे न्या. पोरगी अमरावतीला बी.एस्सी. करते, ती बापाच्या बाजूनं. विहिरीच्या आधीच्या वर्षी सप्ताहात काल्याच्या पंगतीवरून यांचं कमिटीशी भांडण झालं होतं, खालच्या वस्तीतल्या लोकांले वेगळं बसवलं म्हणून. तेव्हापासून पखवाज बंदच आहे. बाकी नीट जेवतात, झोपतात, हसतात. दारू नाही. परवा पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' हे यांनीच म्हटलं. पण आता महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे जोडीनं पूजा असते. मी काय करू? माझ्याच भक्तीत काही कमी पडलं का?"

महालक्ष्म्या दारात आहेत म्हणून तुमचं पत्र रांगेतून पुढे काढलं.

शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर देते. नाही, तुमचं काही कमी पडलेलं नाही. नवऱ्याच्या मनातला देव बायकोच्या उपासावर टिकत नसतो. टिकला असता तर आपल्याकडच्या हरतालिकांनी अख्खी पुरुषजात संत करून सोडली असती.

तुमच्या पत्रात विहीर पहिल्या पानावर आहे आणि पंगत तिसऱ्या पानावर, तीही दोन ओळींत. मला वाटतं, तुम्ही क्रम उलटा लावलाय. विहीर खारी लागणं हे खारपाणपट्ट्यात नवीन नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या मातीतच मीठ आहे. नारळाने पाणी सांगितलं, मीठ सांगितलं नाही, एवढंच. खाऱ्या विहिरीचे मालक तुमच्या पंचक्रोशीत किती आहेत ते मोजा. ते सगळे नास्तिक झालेत का? बहुतेक जण नशिबाला बोल लावतात, पाणाड्याला शिव्या घालतात आणि पुढच्या गुरुवारी पोथी उघडतात. मग तुमच्याच घरी माळ का निघाली?

तुमच्या यजमानांनी ती पोथी खरी मानली होती, म्हणून निघाली. गजानन महाराजांच्या पोथीत अकोलीच्या कोरड्या विहिरीला पाणी आल्याची कथा आहे. अकोट-दर्यापूरकडच्या माणसाला ती गोष्ट शेजारच्या वावरात घडल्यासारखी वाटते. पारायण करून कुदळ मारणाऱ्याच्या मनात ती नसेल, असं मला वाटत नाही. ज्याने देवाला सवयीने नमस्कार केला, त्याचं खाऱ्या पाण्याने काही बिघडत नाही. ज्याने शब्दावर भरवसा ठेवला, तो हिशेब मागतो. पुष्कळ नास्तिक असे गावातल्या सगळ्यात श्रद्धाळू माणसांतून निघतात.

आता पंगतीबद्दल. जोसेफ हेनरिक या मानववंशशास्त्रज्ञाने 2009 साली एक विचार मांडला. माणूस श्रद्धा शिकताना मोठी माणसं काय बोलतात एवढंच पाहत नाही. बोलण्यासाठी ती काय सोसतात, काय सोडतात, हेही पाहतो. उपास, पायी वारी, पदरचा खर्च ही त्याची पावती. बोलणं आणि वागणं जुळलं नाही, तर श्रद्धा धरत नाही. तुमच्या यजमानांनी सात दिवस पखवाज वाजवला. समोर कीर्तनात सगळी लेकरं एकाच विठ्ठलाची. आठव्या दिवशी काल्याला त्याच लेकरांच्या दोन पंगती. ते भांडले, कमिटीने ऐकलं नाही, आणि गाव जेवून घरी गेलं. तुम्हीही जेवलात का त्या दिवशी? दोष देत नाही, मीही अशा पंगतीला जेवलेली आहे आणि तेव्हा मान खाली घालून भात कालवलेला आहे. पण त्यांच्या घशाखाली तो घास गेला नाही. आधी पखवाज गेला, मग पोथी, मग माळ. विहीर मध्येच कुठेतरी आहे.

एक फरक मात्र ओळखा. देवावर रुसलेला माणूस नास्तिक नसतो. तो देवाशीच भांडत असतो, म्हणजे देव त्याच्या लेखी घरातच असतो. तुकोबांनीसुद्धा एका अभंगात आपल्या लेखी देव मेला असं म्हणून टाकलंय, पण तो कडाडून केलेला रुसवा होता. तुमच्या यजमानांचं तसं दिसत नाही. रुसलेल्याने माळ भिरकावली असती. यांनी काढून खुंटीला नीट टांगली. हा शांतपणे केलेला निर्णय वाटतो, म्हणून तो रडून किंवा अबोला धरून फिरेल अशी आशा धरू नका.

सासूबाईंचं जाणत्याचं म्हणणं ऐकूच नका. करणी, बाहेरचं, असं म्हणून कोणी मारझोड करतो, मिरचीचा धूर देतो, तो महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वर जाणत्याची दक्षिणा वेगळी. हो, झोप उडाली, जेवण तुटलं, 'जगून काय करू' असं बोलणं सुरू झालं, तर मात्र वाट पाहू नका. आपल्या भागात या बोलण्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, आणि सरकारच्या टेलिमानस या हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर फुकट मराठीत बोलता येतं. पण तुम्ही लिहिलंय तसे हसत-खेळत असतील, तर हा आजार नव्हे आणि याला औषध नाही.

"देवाशिवाय घर कसं चालेल" असंही तुम्ही लिहिलंय (ते मी काटलं). खालच्या वस्तीत बौद्ध घरं असतील, तिथे जरा पाहून या. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यात ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, ही पहिलीच. त्या घरांतून तेव्हापासून पोरं शिकली, लग्नं झाली, म्हातारी माणसं सांभाळली गेली. घरं उघडी पडली नाहीत. फरक एवढाच की ते सगळे मिळून निघाले आणि तुमचे यजमान एकटेच. 2021 मध्ये प्यू या संशोधन संस्थेचं देशभरातलं सर्वेक्षण आलं, त्यात 97 टक्के भारतीयांनी देव मानतो असं सांगितलं. शंभरातल्या त्या तिघांतला एक तुमच्या ओसरीत बसलाय. पारावर त्याच्याशी कोण काय बोलत असेल? घरात तरी त्याला गुन्हेगार करू नका.

पोरगी बापाच्या बाजूनं आहे म्हणून तिचा राग धरला असेल तर सोडा. हा विचार ती अमरावतीहून घेऊन आलेली नाही.

आता पूजेचं. त्यांच्या हातात जबरदस्तीने अक्षता देऊ नका. ज्या माणसाने खोटं वागायचं नाही म्हणून माळ उतरवली, त्याच्याकडून तुमच्यासाठी खोटी पूजा करून घेणं तुम्हालाच टोचेल. संकल्प तुम्ही एकट्या सोडा. गुरुजी कुरकुरले तर सांगा, यजमान बाहेर आहेत. ओसरीत असले तरी ते बाहेरच झाले! त्यांच्याकडूनही एक शब्द घ्या, की पाहुण्यांसमोर तुमच्या देवांची थट्टा करायची नाही. तुम्ही त्यांना नावं ठेवायची नाहीत, त्यांनी तुमच्या मुखवट्यांना नाही. आणि विचारा, मखर बांधाल का, केळीची पानं आणाल का. पोळ्याला बैलांना आवतन देणारा माणूस लेकीबाळींच्या जेवणाला नाही म्हणणार नाही. त्या आवतनाला देव लागत नाही, वर्षभर राबलेल्या जनावराची जाण लागते, आणि ती त्यांच्याकडे शाबूत आहे.

माळ खुंटीवरून काढू नका, देव्हाऱ्यातही नेऊन ठेवू नका. जिथे टांगली तिथे राहू द्या.

आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या आदल्या रात्री, आंबील शिजत असताना, त्यांना चुलीपाशी बोलवा. तुमच्या घरच्या पंगतीला यंदा खालच्या वस्तीतल्या कोणाला आवतन द्यायचं, आणि पानं कशी मांडायची, ते त्यांना ठरवू द्या. सासूबाईंना मी सांगितलं म्हणून सांगा.

तुमची,
काकू