उंबऱ्यापासून हँडओव्हरपर्यंत

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'ताई, पेशंटकडे माणूस म्हणून बघायचं हे पटतं, पण अ‍ॅम्ब्युलन्समध्ये तेवढा वेळ असतो कुठे?' हाच प्रश्न मी पहिल्या वर्षी माझ्या सीनियरना विचारला होता. उत्तर मिळालं होतं, 'आधी जीव वाचव, गोड बोलणं नंतर.' बरीच वर्षं मी तेच खरं धरून चालले. माणसाशी बोलणं म्हणजे गोड बोलणं, असं त्यात परस्पर ठरवून टाकलंय, हे फार उशिरा लक्षात आलं.

कसं लक्षात आलं ते सांगते. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या. धाप लागली म्हणून शेजाऱ्यांनी फोन केला होता. पाय सुजलेले, आडवं होता येत नव्हतं, खाटेच्या कडेला बसून श्वास ओढत होत्या. रक्तातला ऑक्सिजन ८६ टक्के. हार्ट फेल्युअरचं चित्र समोर दिसत होतं आणि मला त्यांना लवकरात लवकर गाडीत घ्यायचं होतं. त्या एकच वाक्य म्हणत होत्या, 'मला येता येणार नाही.' मी ऑक्सिजन लावला, समजावलं, मग आवाज थोडा चढवला. खुर्चीत बसवून दारातून नेताना त्यांनी चौकट धरली. इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली. मी ती बोटं एकेक करून सोडवली. हळुवार सोडवली, आणि हळुवार सोडवली याचं मला तेव्हा समाधानही वाटलं. कागदावर लिहिलं : 'पेशंट सहकार्य करत नाही.'

गाडी निघून दहा मिनिटं झाली, श्वास जरा खाली बसला, तेव्हा त्या म्हणाल्या, 'आतल्या खोलीत हे आहेत. त्यांना उठता येत नाही.'

लकव्यानं अंथरुणाला खिळलेला नवरा. त्याचं सगळं त्याच करायच्या. आम्ही त्या घरात पंधरा मिनिटं होतो आणि ती खोली चार पावलांवर होती. कंट्रोल रूमला कळवून तिथे माणूस पाठवला, ते सगळं निभावलं. पण 'का येता येणार नाही?' एवढं विचारायला मला पाच सेकंद लागली असती. ती वाचवून मी समजावण्यात, ओढाताणीत कितीतरी मिनिटं घालवली, आणि आधीच थकलेल्या हृदयाला दारात झटापट करायला लावली. म्हणजे फक्त त्यांच्या मनाचा विचार केला नाही असं नाही. उपचारही वाईट केले.

म्हणून वेळेचा हिशेब आधी नीट मांडू. १९८४ साली अमेरिकेत डॉक्टर-पेशंटच्या भेटी ध्वनिमुद्रित करून एक अभ्यास झाला होता. पेशंट काय होतंय हे सांगायला लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते. आपणही तेच करतो, आपल्या हातात बीपीचा पट्टा असतो एवढाच फरक. उलट मला वाटतं, आपल्याइतका वेळ फार थोड्यांकडे असतो. वॉर्डातल्या नर्सकडे एका वेळी कितीतरी पेशंट असतात. तुझ्या गाडीत एकच आहे. हॉस्पिटल येईपर्यंत तुला दुसरीकडे जायचंच नाही. कार्डिअ‍ॅक अरेस्ट, घळाघळा रक्तस्राव, श्वासनलिकेत अडकलेलं काही, अशा केसेसमध्ये आधी हात चालतात, त्यात वाद नाही. पण तुझ्या ड्यूटीतल्या बहुतेक केसेस अशा नसतात, हे तुझं तुला दिसेलच.

आत गेलीस की पहिल्या मिनिटात काय करायचं ते सांगते. डोळ्यांच्या पातळीला ये, म्हणजे बहुतेक वेळा गुडघ्यावर बस. स्वतःचं नाव सांग, त्यांना काय म्हणून हाक मारू ते विचार. तुमच्यातला एकच जण बोलेल आणि दुसरा हात चालवेल, हे गाडीतच ठरवून घ्या. दोन अनोळखी माणसं दोन बाजूंनी प्रश्न विचारायला लागली की घाबरलेला माणूस कुणालाच उत्तर देत नाही. मग एक मोकळा प्रश्न टाक, 'काय झालं ते सांगा', आणि गप्प राहा. नाडी मोजायला हात हातात घेतलेलाच असतो, तेवढं ऐकून होतं. मग विचार : 'तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटतेय?' उत्तर कधी छातीतल्या कळेचं असतं, कधी शाळेतून परत येणाऱ्या मुलाचं. दोन्ही तुझ्या कामाचं आहे. दुसऱ्याची सोय लागेपर्यंत पहिल्यावरचे उपचार नीट घेतले जात नाहीत.

आणि पेशंट जे सांगतो ते मॉनिटरवरच्या आकड्याइतकंच मोलाचं धर. 'मी आता वाचत नाही' असं कुणी शांतपणे म्हणालं तर 'असं बोलू नका' म्हणून झटकू नकोस. हार्ट अटॅक, फुप्फुसात अडकलेली गुठळी, तीव्र अ‍ॅलर्जी, या सगळ्यांत ही भावना लक्षण म्हणून येते आणि कधीकधी बीपी पडायच्या आधी येते. म्हातारी माणसं, बायका, मधुमेही, यांच्यात छातीत न दुखताही अटॅक येतो. ती माणसं म्हणतात, 'कसंतरीच होतंय, नेहमीसारखं नाही.' हे 'नेहमीसारखं' काय असतं ते त्यांनाच माहीत असतं, किंवा घरच्यांना. विचारलंस तरच कळेल.

पार्किन्सन्सचा, म्हणजे कंपवाताचा पेशंट घे. हे मी नव्या मुलांना हमखास सांगते. लेव्होडोपाच्या गोळ्या त्याला घड्याळाच्या काट्यावर लागतात. वेळ चुकली की अंग ताठतं, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं, आणि ज्याला तो रोज कसा असतो ते माहीत नाही त्याला वाटतं हा आजारच इतका बळावलाय. त्यात मळमळतंय म्हणून कुणी मेटोक्लोप्रमाइड दिलं तर तो आणखीच आखडतो. त्याच्या बायकोला या वेळा तोंडपाठ असतात. तिला दोन मिनिटं विचार, गोळ्यांची डबी सोबत घे आणि पुढची गोळी कधीची आहे ते हॉस्पिटलमध्ये पहिल्याच वाक्यात सांग.

गाडीतलं एक. स्वतः एकदा स्ट्रेचरवर पट्टे बांधून पडून बघ, गाडी चालू असताना. मी पडले होते. वर छप्पर, दिव्याची चौकट, कडेनं लटकणारी सलाइनची नळी, याशिवाय काही दिसत नाही. वळण कुठे येणार ते कळत नाही. डोक्यामागून आवाज येतात आणि ते आपल्याबद्दल असतात. प्रत्येक धक्का कमरेत जाऊन बसतो. त्यानंतर मी सायरन लावायच्या आधी सांगायला लागले, 'आता मोठा आवाज होईल, रस्ता मिळावा म्हणून आहे, तुमची तब्येत बिघडली म्हणून नाही.' खड्डा येतोय, वळण येतंय, सुई टोचतेय, आधी सांगायचं. ब्लँकेट अंगावर नीट आहे ना ते बघायचं. कपडे कापावे लागले तर कात्री लावायच्या आधी सांगायचं आणि झाकायला काही हाताशी ठेवूनच कापायचं. आणि निघताना चष्मा, कानाचं यंत्र, कवळी बरोबर घ्यायची. ऐकू न येणाऱ्या आजोबांना हॉस्पिटलमध्ये कुणी 'गोंधळलेले' म्हणून नोंदवलं, तर चूक त्यांच्या कानाच्या यंत्राची, जे तू टेबलावर सोडून आलीस.

जो येत नाही म्हणतो त्याच्याबद्दल तू विचारलंयस. आधी बघ, हे तोच बोलतोय की त्याची साखर बोलतेय. शुगर, ऑक्सिजन, डोक्याला मार, ताप. शुगर फार खाली गेलेला माणूस भांडखोर होऊ शकतो आणि दारू प्यायल्यासारखा दिसू शकतो. दारू प्यायलेल्या माणसाच्याही डोक्यात रक्तस्राव असू शकतो. हे सगळं तपासून झालं, सांगितलेलं त्याला समजतंय, लक्षात राहतंय, बरं-वाईट तोलता येतंय आणि आपला निर्णय सांगता येतोय, असं दिसलं, तर तो निर्णय त्याचा आहे. तुला पटला नाही तरी. मग तुझं काम असं की धोका साध्या शब्दांत सांगायचा, कशावरून पुन्हा फोन करायचा ते सांगायचं, घरात कोण आहे ते बघायचं, आणि रागावून दार आपटून निघायचं नाही. ज्याला आपण दुखावून येतो तो दुसऱ्यांदा फोन करत नाही. महिन्यात चारदा फोन करणाऱ्यांचंही तसंच. गाडीत बसताबसता 'परत तेच का' असं कुणी म्हणालं, की तपासणी तिथेच अर्धी होते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते : हँडओव्हर, म्हणजे पेशंट हॉस्पिटलच्या हाती सोपवताना त्याच्याबद्दल जे सांगतो आणि लिहून देतो ते. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग विद्यापीठात २०१० पासून व्यक्तिकेंद्री काळजीवर, म्हणजे पेशंटकडे माणूस म्हणून बघण्यावर काम करणारं एक केंद्र आहे. त्यांनी हे सगळं तीन गोष्टींवर उभं केलंय : माणसाची स्वतःची कहाणी, त्याच्याशी भागीदारी, आणि या दोन्हींची लेखी नोंद. पहिल्या दोन आपण सगळे मान डोलावून ऐकतो. तिसरी सुटते आणि मग पहिल्या दोन गाडीतच राहतात. हॉस्पिटलमधल्या कुणीही हा माणूस त्याच्या घरात पाहिलेला नाही. जिना किती उभा आहे, औषधांच्या न फोडलेल्या पाकिटांची थप्पी कुठे पडलीये, सकाळपर्यंत तो स्वतःच्या पायांनी चालत होता की नाही, हे तू पाहिलंयस. डॉक्टर आणि नर्स बदलत जातील, प्रत्येकाला तो गाऊन घालून आडवा पडलेलाच दिसेल.

म्हणून हँडओव्हर पेशंटच्या डोक्यावरून देऊ नकोस. त्याच्या बाजूला उभी राहा, त्याचं नाव घेऊन दे, शेवटी त्यालाच विचार, 'माझ्याकडून काही सांगायचं राहिलं का?' बरेचदा राहिलेलं असतं. लिहिताना त्याचे शब्द त्याच्याच शब्दांत लिही. 'नाटक करतो', 'त्रास देतो', 'सहकार्य नाही' असलं काही लिहायची वेळ आली तर पेन खाली ठेव आणि एक प्रश्न विचार. तो शेरा पुढचे दहाजण वाचतात आणि त्यांच्यातला एकही पुन्हा विचारत नाही.

त्या बाईंचा कागद आज माझ्या हातात आला तर मी असं लिहीन : 'धाप, दोन्ही पायांना सूज, बसूनच श्वास घेता येतो. यायला तयार आहेत, पण लकवा झालेले पती घरी एकटे. त्यांना भरवणं, कूस बदलणं त्याच करतात. किल्ली शेजाऱ्यांकडे. पतींपाशी कोण थांबलंय ते त्यांना दर तासाला सांगावं.'

पहिली रात्रपाळी झाली की लिही.

तुझी,
ताई