गोलात फुली मार आणि पुढे जा

अगं,

तुझा मेल रात्री पावणेदोनला आलेला, सकाळी चहा घेताना वाचला आणि चहा तसाच गार झाला. "सेन्सेई, चौदाव्या पानावर तीन आठवडे अडकलेय, एकाच शब्दापाशी. अंदाजाने काहीतरी लिहून टाकू की सगळं कामच सोडून देऊ?" तुला हे दोनच रस्ते दिसावेत याचा खरं सांगू तर मला रागच आला. तू मराठीत आणायला घेतलंयस ते पुस्तक कोणाचं? जपानी वैद्य सुगिता गेनपाकुचं, 'रांगाकु कोतोहाजिमे', जपानात डच विद्या कशी सुरू झाली त्याच्या आठवणी. तिसरा रस्ता त्याच पुस्तकात आहे गं.

१७७१ सालचा वसंत आठव. एदोमधली, म्हणजे आजच्या टोकियोतली, कोझुकाप्पाराची वधभूमी, देहांताची शिक्षा झालेली पन्नाशीची एक बाई, आणि तिचं शरीर उघडून दाखवणारा नव्वद वर्षांचा म्हातारा, ज्याच्या जातीला तिथला समाज जवळही करत नव्हता. तो एकेक अवयव दाखवतोय आणि मधेच म्हणतोय, याला नाव माहीत नाही, पण तरुणपणापासून जेवढी शरीरं उघडली त्या सगळ्यांत हे इथेच होतं. मला हा म्हातारा फार आवडतो. नाव माहीत नाही हे सांगितलं, तरी बोट नेमक्या जागेवर ठेवलं.

ते बघायला आलेले गेनपाकु आणि दुसरा वैद्य माएनो ऱ्योताकु, दोघांकडेही एकच डच पुस्तक निघालं, कुल्मुसच्या शरीररचनेच्या तक्त्यांचं, आणि त्यातली चित्रं समोरच्या शरीराशी तंतोतंत जुळत होती. परत येतानाच भाषांतर करायचं ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी त्सुकिजीला ऱ्योताकुच्या घरी सगळे बसलेसुद्धा. गेनपाकुला डच मुळाक्षरंही येत नव्हती, हाताशी धड शब्दकोश नाही, भुवयांबद्दलच्या एका ओळीपायी वसंतातला अख्खा लांबलचक दिवस जायचा. नाकाच्या वर्णनात अडलेल्या त्या डच शब्दाचा किस्सा तर तू मलाच फोनवर किती आनंदाने सांगितला होतास, फांदी तोडली की तिथे तोच शब्द, अंगण झाडून केर गोळा केला की तिथेही तोच, म्हणजे उंचवटा! (नंतरच्या अभ्यासकांनी मूळ डच पुस्तक तपासलं तेव्हा नाकाच्या वर्णनात तो शब्द सापडला नाही, गेनपाकुने हे सगळं १८१५ साली ऐंशी ओलांडल्यावर आठवून लिहिलंय. तळटीप टाकशील तेव्हा हे लिही, लपवू नकोस.)

पण त्या किश्श्याशेजारचीच गोष्ट तू विसरलीस. जो शब्द लागला नाही त्यावर ते लोक एक खूण करायचे, गोल आणि गोलात फुली. घोड्याच्या लगामाच्या कडीसारखी दिसते म्हणून कुत्सुवा जुमोंजी. सुरुवातीला तर जिकडेतिकडे त्याच खुणा. तरी महिन्यातून सहा-सात बैठका चुकल्या नाहीत, रात्री घरी जाऊन गेनपाकु दिवसभरात लागलेलं लिहून काढायचा, वर्षभराने दिवसाला दहा-दहा ओळी व्हायला लागल्या. अकरा वेळा मसुदा लिहून १७७४ ला ते भाषांतर 'काइताइ शिन्शो' नावाने छापलं.

म्हणून सांगते, गोलात फुली मार आणि पुढे जा. अंदाज म्हणजे फुली नव्हे! अंदाजाने लिहिलेला शब्द वाचणाऱ्याला खराच वाटतो, तिथे काही राहिलंय हे नंतर तुझं तुलाही कळत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. तिशीत एका कारखान्यासाठी मशीनचं मॅन्युअल मराठीत करत होते, त्यात 'काजिरी' आलं. शब्दशः कुरतडणं. धातूवर धातू घासून एकमेकांना धरतो, पृष्ठभाग फाटतो, ते. मला माहीत नव्हतं, विचारायची लाज वाटली, मी लिहिलं 'झीज'. झीज तर प्रत्येक मशीनची होते, मुलांनी मशीन चालूच ठेवलं आणि शाफ्ट जाम झाला. कोणाला लागलं नाही हे नशीब. जपानी इंजिनियर ओरडला नाही, एवढंच म्हणाला, कळलं नव्हतं तर खूण का नाही केलीत? ते वाक्य अजून पाठ सोडत नाही.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. कारखान्यातल्या शब्दांचा जपानी-मराठी कोश करत होते, सहा वह्या भरल्यात, तू कपाटात पाहिल्यायस. एकही शब्द कच्चा राहिला तर छापायचं नाही असं ठरवलं आणि वीस वर्षं छापलं नाही. लोक म्हणतात आळस केला. आळस नव्हता गं तो! तो जाम झालेला शाफ्ट मी डोळ्यांनी बघितला होता, त्यांनी नव्हता. आणि ऱ्योताकुचं नाव तरी 'काइताइ शिन्शो'वर कुठे आहे? सगळ्यांत जास्त डच त्याला येत होतं, चाळिशी उलटल्यावर शिकलेलं, पण भाषांतर अजून अपुरं आहे असं वाटून त्याने नाव घालू दिलं नाही असं म्हणतात. मी कित्येक वर्षं स्वतःला त्याच्या रांगेत बसवलं. पण तो प्रत्येक बैठकीला होता, पुस्तक त्याच्या जिवावर झालं. माझ्या वह्या कपाटातच राहिल्या. हे तुझ्याशिवाय कोणाला लिहिलं नाही.

गेनपाकुला घाई होती. मी आजारी माणूस, तुमचं काम पुरं होईल तेव्हा मी गवताखाली असेन असं म्हणायचा, म्हणून सोबतच्यांनी त्याचं नावच तसं पाडलं. या घाईत त्याने काय केलं बघ. मज्जातंतूला जपानीत शब्द नव्हता, तर 'शिन्केइ' घडवला, आजही जपानी माणूस तोच वापरतो. ग्रंथीसाठी मात्र काही सुचेना, तर डच 'क्लीर'चा उच्चारच चिनी अक्षरांत लिहून ठेवला, किरीरु. ओबडधोबड, पण प्रामाणिक. तिथे जागा रिकामी आहे हे पुढच्याला दिसलं. मग १८०५ ला उदागावा गेनशिनने ग्रंथीसाठी नवं अक्षरच बनवलं, 'सेन', तेही आजतागायत चालू आहे. मधल्या काळात ऱ्योताकु-गेनपाकुचा शिष्य ओत्सुकी गेनताकु एदोत शिरांदो नावाची शाळा काढून मुलांना डच शिकवत होता, गुरूंचं भाषांतर पुन्हा नीट करत होता, आणि १८११ ला शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारने खगोल खात्यातच भाषांतराची कचेरी उघडली तेव्हा तिथेही तो होता. गेनपाकु ग्रंथीपाशी तीन आठवडे अडून बसला असता तर यांच्या हातात काय आलं असतं?

तर चौदावं पान आहे तसं मला पाठव. तो शब्द जपानीतच राहू दे, वर गोल काढ, गोलात फुली, आणि आजच पंधरावं सुरू कर. नीट टाइप करत बसू नकोस, वहीचा फोटो चालेल. रविवारी संध्याकाळी मी घरीच आहे, फुल्या घेऊन ये, आपण दोघी बसू. मीही पहिली वही काढून ठेवते.

तुझी,
सेन्सेई