पट्टा फिरायच्या आधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

शिवजयंतीला पंचवटीत मर्दानी खेळ बघायला जाणार आहेस, कॅमेराही नेणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. लेन्स कुठली नेऊ, असं विचारलंस. 70-200 (लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स) कुणाकडून मिळाली तर ने, नाहीतर आहे तीच. त्याआधी एक कर. आदल्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी वस्तादांना विचारून सराव बघायला जा, आणि त्या दिवशी कॅमेरा घरीच ठेव.

सरावात हत्याराकडे नाही, पायांकडे बघ. दांडपट्ट्यात हात जवळजवळ कोपरापर्यंत खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या धातूच्या आवरणात जातो. मनगटाला फारसं वळायला जागाच उरत नाही, म्हणून सगळी फिरत खांद्यातून आणि कंबरेतून येते. कंबरेच्या आधी पाऊल हलतं. पातं चमकलं म्हणून बटण दाबलंस, तर तोवर वार होऊन गेलेला असतो. पवित्रा बदलला की दाब. 2024 मध्ये पट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला, तेव्हापासून त्याचे फोटो काढणारे खूप वाढलेत. पण खेळणाऱ्याचं पाऊल ओळखणारे त्यात थोडेच.

मल्लखांब असेल तर तिथे घाई करू नकोस. खेळाडू प्रत्येक पकडीत क्षणभर थांबतो, तुला वेळ मिळतो. (पेशवाईतले मल्लविद्येचे गुरू बाळंभटदादा देवधर यांना ही विद्या आपल्याच वणीच्या सप्तशृंगी गडावर मिळाली, अशी आख्यायिका आहे. गडावर गेलो की मला दरवेळी ती आठवते.)

दिवसाउजेडी शटर 1/1000 सेकंद किंवा त्याहून जलद ठेव. अंधार पडल्यावर मात्र हे चालणार नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे मैदानावरचे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. जलद शटरला फोटोत उजेड-अंधाराच्या पट्ट्या उमटतात, नाहीतर एक फोटो उजळ आणि दुसरा काळवंडलेला येतो. तेव्हा 1/100 वर ये. पातं धूसर होईल, होऊ दे, चेहरा धर. पेटती बनाटी (टोकांना पेटते बोळे लावून फिरवायची काठी) आली तर 1/15 पर्यंत खाली उतर, हात स्थिर ठेव, आगीचं कडं आपोआप उमटेल. कॅमेऱ्याच्या ऑटोवर विसंबू नकोस. सभोवतालचा काळोख बघून तो उजेड वाढवतो आणि ज्वाळा पांढरीफटक करून टाकतो.

फ्लॅश बंद. याला अपवाद नाही. धारेचं हत्यार फिरवणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड मारायचा नसतो.

आणि रिंगणाच्या आत पाऊल टाकायचं नाही. तुझ्याच वयाचा असताना मी टाकलं होतं. एका मुलाच्या तळहातावर लिंबू ठेवलेलं, समोर पट्टा घेतलेली मुलगी. मी गुडघ्यावर सरकत पुढे गेलो. तिला मी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलो, तिने भर वेगातला पट्टा आवरला आणि तिचा खांदा लचकला. त्या दिवशी ती पुढे खेळली नाही. लिंबू हातात धरलेला मुलगा तसाच उभा होता, हात न हलवता. मी माफी मागितली, वस्ताद काही बोलले नाहीत. त्यांचं ते गप्प राहणं मला अजून टोचतं. रिंगणाच्या कडेपासूनही दोन-तीन पावलं मागेच बस. खेळणाऱ्याची पाठ केव्हा तुझ्याकडे होईल, सांगता येत नाही.

लहान मुलांचे फोटो कुठेही टाकण्याआधी त्यांच्या आईवडिलांना विचार.

रात्री फोटो निवडायला बसशील तेव्हा लिंबू कापणाऱ्याबरोबर लिंबू धरणाऱ्याचाही एक ठेव. वार होताना त्याचे डोळे उघडे आहेत का ते बघ. कापणाऱ्याचा फोटो त्या दिवशी शंभर जण काढतील, याचा कुणी काढत नाही. प्रिंट काढ आणि तालमीत त्याच्या हातात नेऊन दे.

तुझा,
काका