चिडलेला पाहुणा

मालवणात होमस्टे सुरू करतेयस, तर एक सांगतो. चादरी, सोलकढी सगळं जमेल. जड जाईल ते चिडलेल्या पाहुण्यासमोर उभं राहणं. कुडाळ स्टेशनवर गाडी तीन तास उशिरा पोचलेला माणूस पंख्याच्या आवाजावरून भांडतो, तेव्हा त्याचं भांडण पंख्याशी नसतं. ‘शांत व्हा’ म्हणू नकोस. ‘प्रवासात हाल झाले ना?’ एवढंच विचार आणि गप्प बस. (हे गप्प बसणंच बहुतेकांना जमत नाही.) पंखा मात्र त्याच दिवशी दुरुस्त करून घे, नुसत्या गोड बोलण्याने वारा लागत नाही.

सालोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची, म्हणजे भावना ओळखून त्या नीट हाताळण्याच्या क्षमतेची, संकल्पना मांडली, तीत दुसऱ्याइतक्याच स्वतःच्याही भावना ओळखणं येतं. तेव्हा तुझंही बघ. राग आलाय, की आईच्या हातच्या जेवणाला नावं ठेवली ते लागलंय? की नुसती झोप झाली नाही? मे महिन्यात बहुधा तिसरंच असतं.

आणि सगळंच गिळू नकोस. कामाला येणाऱ्या मावशींवर कुणी ओरडलं, तर आवाज न चढवता पण तिथल्या तिथे थांबव. वाईट रिव्ह्यूला उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर लिही.